मलाक्का नगरदर्शन : दोन तीरांचे नियोजन

प्रस्तावना

दक्षिण-पूर्व आशियातील ऐतिहासिक नगरांमध्ये मलेशियातील मलाक्का (मलय उच्चार ‘मेलाका’) या बंदराचे स्थान वेगळे आहे. अंगकोर किंवा बोरोबुदूर येथे पाहणाऱ्यास थक्क करणारे शिल्पवैभव आहे. मलाक्क्यात तसे काहीही नाही. येथील सर्वांत प्रसिद्ध अवशेष म्हणजे पाडून टाकलेल्या किल्ल्याचा उरलेला एक दरवाजा, आणि सर्वांत मोठी जुनी इमारत म्हणजे डचांची कचेरी. तरीही ७ जुलै २००८ रोजी युनेस्कोने जॉर्जटाउन या नगरासह मलाक्क्याचा समावेश जागतिक वारसा यादीत केला. हा मान एखाद्या वास्तूला नसून, निरनिराळ्या समाजांनी शतकानुशतके एकत्र राहून घडविलेल्या नगराला मिळालेला आहे. मलाक्क्यात काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, या प्रश्नाचे उत्तर या एका गोष्टीत दडलेले आहे.

महाराष्ट्रातून सिंगापूर-मलेशियाला जाणाऱ्या सहलींत मलाक्का बहुधा वगळले जाते. जेथे त्याचा समावेश असतो तेथेही क्वालालंपूर ते सिंगापूर या प्रवासातील दोन-तीन तासांचा थांबा एवढेच त्याचे स्वरूप असते. या वेळात प्रवाशाला लाल रंगाचा चौक, टेकडीवरील चर्च, किल्ल्याचा दरवाजा आणि खरेदीची एक गल्ली एवढे दिसते. महाविद्यालयाची अभ्याससहलही याच आराखड्यावर बेतली गेली, तर विद्यार्थी मलाक्क्याचे राज्यकर्ते पाहून परततील. मलाक्का ज्यांनी वसविले व राखले ते लोक त्यांना दिसणार नाहीत. प्रस्तुत लेखात एका मुक्कामाच्या, म्हणजे साधारणतः तीस तासांच्या, नगरदर्शनाचे नियोजन कसे करावे याचा विचार केला आहे.

वाट पाहणाऱ्यांचे नगर

मलाक्क्याची स्थापना इसवी सन १४०० च्या सुमारास परमेश्वर या सुमात्राकडून आलेल्या राजपुरुषाने केली. दंतकथा अशी की, शिकारीत थकून तो ज्या झाडाखाली बसला त्या झाडाचे नाव त्याने नगराला दिले. मलय भाषेत ‘मेलाका’ म्हणजे आवळ्याचे झाड. संस्कृतातील ‘आमलक’ या शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते. पुढील शंभर वर्षांत या लहानशा वसाहतीचे रूपांतर आशियातील एका अग्रगण्य बंदरात झाले. त्यामागे राजाचे शौर्य किंवा भूमीची सुपीकता यांपेक्षा वाऱ्याची दिशा अधिक कारणीभूत होती.

शिडाच्या जहाजांना अरबी समुद्र व बंगालचा उपसागर ओलांडून पूर्वेकडे यायचे असेल तर नैर्ऋत्य मोसमी वारे हवेत, आणि परतायचे असेल तर ईशान्य मोसमी वारे. चीनकडून येणाऱ्या जहाजांचे गणित याच्या नेमके उलट होते. दोन्हींकडील व्यापाऱ्यांना एकमेकांचा माल घेऊन परत फिरण्यासाठी मधल्या जागी काही महिने थांबणे भाग पडे. मलाक्का ही ती मधली जागा होती. सुमात्रा बेटाच्या आडोशामुळे सामुद्रधुनीत समुद्र तुलनेने शांत असतो, हीदेखील मोठी सोय होती. थांबायचे म्हटले की माल ठेवण्यास वखार हवी, राहण्यास घर हवे, पूजेअर्चेस देवस्थान हवे. अनेकांनी स्थानिक स्त्रियांशी विवाह केले व ते परतलेच नाहीत.

सुलतानांनी या परदेशी व्यापाऱ्यांसाठी चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, नेमले होते. त्यांपैकी एक केवळ गुजराती व्यापाऱ्यांचा होता, यावरून त्यांच्या व्यापाराचे आकारमान लक्षात यावे. दुसरा कोरोमंडल किनारा, बंगाल, पेगू व पासे येथील, तिसरा जावा, मोलुक्का व आसपासच्या बेटांवरील आणि चौथा चीन, चंपा व र्‍युक्यू येथील व्यापाऱ्यांचा कारभार पाही. १५१२ ते १५१५ या काळात मलाक्क्यात राहिलेल्या तोमे पिरेस या पोर्तुगीज औषधव्यवसायिकाने या बंदरात चौऱ्याऐंशी भाषा बोलल्या जात असल्याची नोंद केली आहे. आकडा शब्दशः घ्यावा की नाही हा प्रश्न वेगळा. परंतु त्याला जे जाणवले ते खोटे नव्हते.

जे नगर थांबण्यातून घडले ते न थांबता पाहण्याचा प्रयत्न हा मुळातच विसंगत म्हणावा लागेल. एक रात्र मलाक्क्यात काढणे हा नियोजनाचा पहिला नियम होय, आणि तो काही भावनेपोटी सांगितलेला नाही. क्वालालंपूरहून येणाऱ्या एकदिवसीय सहलींच्या बसगाड्या साधारणपणे दुपारपूर्वी येतात व संध्याकाळी परततात. त्यामुळे नगर आपल्या स्वतःच्या चालीने चालते ते सकाळी आणि रात्री.

वेळ, वार आणि वाट

मुंबईहून क्वालालंपूरला थेट विमानसेवा आहे. तेथील दक्षिण बसस्थानकातून (तेर्मिनल बर्सपादु सलातान) मलाक्क्यासाठी दिवसभर बसगाड्या सुटतात. सुमारे १४५ किलोमीटरचे अंतर दोन ते अडीच तासांत पार होते. विमानतळावरूनही थेट बस मिळते. सिंगापूरहून यायचे झाल्यास सीमेवरील तपासणी धरून चार-पाच तास राखून ठेवावेत, शनिवार-रविवारी त्याहून अधिक. भारतीय नागरिकांना मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून तीस दिवसांपर्यंतच्या वास्तव्यासाठी व्हिसामुक्त प्रवेश जाहीर केला व पुढे त्याची मुदत २०२६ अखेरपर्यंत वाढविली. या सवलती मुदतीच्या असतात, म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी ताजी स्थिती तपासणे अगत्याचे आहे. प्रवेशापूर्वीच्या तीन दिवसांत आगमनपत्र संगणकीय पद्धतीने भरावे लागते. गटाने जाताना हे काम विद्यार्थ्यांवर न सोडता एकाच व्यक्तीने सर्वांचे तपासून घ्यावे.

वार निवडणे हे ऋतू निवडण्यापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. मलाक्का विषुववृत्ताच्या उत्तरेस जेमतेम दोन अंशांवर असल्याने तेथे वर्षभर उष्मा व दमटपणा असतो आणि दुपारनंतर गडगडाटी सर कोणत्याही महिन्यात येऊ शकते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्याची सवय असलेल्यास त्याचे विशेष वाटणार नाही. काही वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात सुमात्रातील वणव्यांचा धूर सामुद्रधुनी ओलांडून येतो; २०१५ व २०१९ साली त्याचा त्रास फार झाला होता. याउलट शनिवार-रविवारची गर्दी मात्र चुकत नाही. सिंगापूर व क्वालालंपूर येथील कुटुंबे सुट्टीसाठी येथे येतात, खोल्यांचे दर चढतात आणि जोंकर गल्लीत शुक्रवार ते रविवार रात्रीचा बाजार भरतो. सोमवारी व काही ठिकाणी मंगळवारीही संग्रहालये बंद असतात. या साऱ्याचा विचार करता बुधवारी दुपारी पोहोचून गुरुवारी संध्याकाळी निघावे, हे उत्तम. यात रात्रीचा बाजार हुकतो, पण ते नुकसान फारसे मोठे नाही. तेथील बहुतेक वस्तू आशियातील कोणत्याही पर्यटनस्थळी मिळतात.

आणखी एक बारीक बाब आहे. मलेशियाची घड्याळे भारताच्या अडीच तास पुढे असून सूर्य तेथे सकाळी सातच्या सुमारास उगवतो व संध्याकाळी सातनंतर मावळतो. पहाटे साडेपाचला उठून फिरावयास निघणाऱ्यास अंधाराखेरीज काही दिसणार नाही. मात्र संध्याकाळचा उजेड अपेक्षेपेक्षा बराच वेळ पुरतो. दुपारी बारा ते साडेतीन हा काळ छताखाली काढावा, आणि पायी फिरणे सकाळी व चारनंतर ठेवावे. वारसाक्षेत्राचा गाभा सुमारे ४५ हेक्टरांचा असल्याने जुन्या नगरात वाहनाची गरज पडत नाही.

मुक्काम नदीच्या पश्चिम तीरावर करावा. नदीने मलाक्क्याचे दोन भाग केले आहेत. पूर्व तीरावरील टेकडी व तिचा पायथा ही सत्तेची जागा. सुलतानाचा वाडा तेथे होता, पोर्तुगिजांनी किल्ला तेथेच बांधला, डच व ब्रिटिश गव्हर्नरही तेथेच राहिले. पश्चिम तीर हा व्यापाऱ्यांचा व कारागिरांचा. सत्ता चार वेळा बदलली, पण पलीकडच्या तीरावरील वस्ती टिकली. पहिल्या दुपारी पूर्व तीर आणि दुसऱ्या सकाळी पश्चिम तीर अशी विभागणी केली की नगराचा अर्थ आपोआप उलगडत जातो.

पूर्व तीर : सत्तेच्या खुणा

पूर्व तीर पाहण्यास लाल चौकापासून नव्हे, तर टेकडीच्या दक्षिण पायथ्याशी असलेल्या पोर्ता द सांतियागो या दरवाजापासून सुरुवात करावी. नोव्हेंबर १५१० मध्ये गोवा जिंकून घेतलेल्या अफोन्सो द अल्बुकर्कने पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १५११ मध्ये, मलाक्का काबीज केले. ‘आ फामोसा’ या नावाने ओळखल्या गेलेल्या त्याच्या किल्ल्याचा हा अवशेष. दरवाजाचा दगड कोकणी किंवा गोमंतकीय माणसास परका वाटणार नाही, कारण तो जांभा आहे. १६४१ मध्ये डचांनी मलाक्का घेतले व किल्ल्याची डागडुजी केली. कमानीवर १६७० हे साल आणि डच कंपनीची खूण आजही दिसते. पोर्तुगिजांचा म्हणून दाखविला जाणारा हा अवशेष अशा रीतीने अर्धा डचांचाही आहे. किल्ला पाडला तो मात्र ब्रिटिशांनी. नेपोलियनच्या युद्धकाळात मलाक्का त्यांच्या ताब्यात तात्पुरते होते. ते डचांना परत करावे लागल्यास किल्ला त्यांच्या उपयोगी पडू नये म्हणून १८०७ मध्ये पाडकाम सुरू झाले. स्टॅम्फर्ड रॅफल्सच्या हस्तक्षेपामुळे हा एक दरवाजा वाचला, असे मानले जाते.

दरवाजासमोर उभे राहिल्यास समुद्र कोठेही दिसत नाही. एके काळी येथवर पाणी येत असे. विसाव्या शतकात भराव घालून समुद्र मागे ढकलण्यात आला आणि आज त्या जागेवर रस्ते व प्रचंड बाजारसंकुले उभी आहेत. बंदराचा किल्ला समुद्रापासून तुटला की त्याचा अर्थच हरपतो. विद्यार्थी बरोबर असतील तर जुन्या नकाशाची एक प्रत येथे त्यांच्या हाती द्यावी; माहितीफलकाने जे साधणार नाही ते त्याने साधेल.

दरवाजामागील पायऱ्या चढून सेंट पॉलच्या टेकडीवर जाता येते. माथ्यावरील चर्चला छप्पर नाही. पोर्तुगिजांनी १५२१ मध्ये येथे लहान प्रार्थनामंदिर बांधले, नंतर ते जेझुइटांकडे आले. १७५३ मध्ये डचांचे स्वतःचे चर्च खाली चौकात पूर्ण झाल्यावर या वास्तूचा उपयोग दफनभूमीसारखा होऊ लागला. भिंतींना टेकून उभ्या केलेल्या थोराड थडग्यांच्या शिळा त्या काळातील आहेत. येथे जाळीने झाकलेला एक रिकामा खड्डा आहे. मराठी व कोकणी प्रवाशाने त्यापाशी थोडे थांबावे, कारण त्याचा दुसरा भाग जुन्या गोव्यात आहे. फ्रान्सिस झेव्हियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील शांगच्वान बेटावर निवर्तले. पुढच्या मार्चमध्ये त्यांचा देह मलाक्क्यास आणून याच चर्चमध्ये पुरण्यात आला आणि सुमारे पाऊण वर्षानंतर जहाजाने गोव्याकडे रवाना झाला. १५५४ च्या मार्चमध्ये तो गोव्यास पोहोचला. आज तो बाँ जेझूस बॅसिलिकेत आहे. हा प्रवास अपघाती नव्हता. १५११ पासून १६४१ पर्यंत मलाक्का हे गोव्याहून चालणाऱ्या पोर्तुगीज राज्याचा भाग होते. तेथील कप्तान गोव्याच्या व्हाइसरॉयला उत्तरदायी असे. गोव्याच्या इतिहासाचे एक टोक मलाक्क्यात आहे, हे महाराष्ट्र-गोव्यातील पाठ्यक्रमांत क्वचितच जाणवते.

टेकडीच्या दुसऱ्या बाजूने उतरल्यावर लाल चौक लागतो. सर्व माहितीपत्रकांवर झळकणारा हा चौक ‘डच चौक’ म्हणून ओळखला जातो. त्याचे डचपण मात्र तपासून पाहण्याजोगे आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास बांधलेली स्ताधैस ही कचेरी व शेजारचे ख्राइस्ट चर्च ही निश्चितच डचांची. पण ती मुळात पांढरी होती. त्यांना लाल रंग दिला गेला तो १९११ च्या सुमारास, ब्रिटिश अमदानीत. चौकातील मनोरा १८८६ मध्ये एका चिनी घराण्याने उभारला आणि कारंजे राणी व्हिक्टोरियाच्या स्मरणार्थ आहे. ज्या रंगामुळे चौक डच वाटतो तो रंगच डचांचा नाही, ही गोष्ट वारसा म्हणजे काय याच्या चर्चेस उत्तम आरंभ करून देते.

पायथ्याशी आणखी दोन वास्तू आहेत. सुलतानाचा लाकडी वाडा ही १९८० च्या दशकातील प्रतिकृती असून ‘सेजारा मेलायु’ या मलय बखरीतील वर्णनावरून ती बेतलेली आहे. सुलतानकाळातील राजवाड्याची एकही भिंत शिल्लक नाही, हे ध्यानात ठेवूनच ती पाहावी. दुसरी वास्तू स्वातंत्र्यस्मारकाची. गोऱ्या मळेवाल्यांचा व अधिकाऱ्यांचा हा एके काळचा क्लब. त्याच्या समोरील मैदानावर २० फेब्रुवारी १९५६ रोजी टुंकू अब्दुल रहमान यांनी मलायाच्या स्वातंत्र्याची तारीख जाहीर केली. वेळ कमी असल्यास वाडा सोडावा, स्मारक सोडू नये. नदीमुखाशी ‘फ्लोर द ला मार’ या जहाजाची प्रतिकृती असून तीत सागरी संग्रहालय आहे. अल्बुकर्कने मलाक्क्याची लूट भरून नेलेले हे जहाज १५११ च्या अखेरीस सुमात्राजवळ बुडाले. जवळच किल्ल्याचा एक बुरूज पुन्हा बांधलेला दिसतो. २००६ मध्ये फिरत्या मनोऱ्याचा पाया खणताना त्याचे अवशेष सापडले आणि मनोरा दुसरीकडे हलवावा लागला. पर्यटनाच्या सोयीसाठी खणताना पुरावशेष हाती लागावा, हा योग खासच.

रात्रीचे भोजन : पोर्तुगीज वसाहत

पहिल्या संध्याकाळी सुमारे तीन किलोमीटरवरील उजोंग पासिर येथे जावे. १९३० च्या दशकात गरीब युरेशियन मच्छीमार कुटुंबांसाठी मिळविलेल्या सुमारे अठ्ठावीस एकरांवर ही पोर्तुगीज वसाहत वसली. येथील लोक स्वतःला क्रिस्तांग म्हणवतात आणि याच नावाची त्यांची मिश्र भाषा आहे. तिचा शब्दसंग्रह मुख्यतः पोर्तुगीज, पण वाक्यरचनेवर मलय भाषेची छाप. रायगड जिल्ह्यातील चौलजवळच्या कोर्लई गावात अशीच एक पोर्तुगीजजन्य भाषा मराठीच्या सहवासात टिकून आहे. दोन्हीकडे पोर्तुगीज सत्ता केव्हाच संपली आणि भाषा घरांत उरली. भाषाशास्त्राच्या प्राध्यापकाने कोर्लईला भेट देऊन मग येथे यावे, म्हणजे तुलनेस नेमका आधार मिळेल. या वसाहतीपुढेही समुद्र हटविण्याचा प्रश्न उभा आहे; किनाऱ्यालगतच्या भरावाच्या कामांना येथील मच्छीमारांनी वेळोवेळी विरोध केला आहे. भाषा बोलणारी पिढी वृद्ध होत चालली असताना मासेमारीही गेली, तर वसाहतीत उपाहारगृहे तेवढी उरतील.

शाकाहारी प्रवाशांसाठी एक सूचना येथेच करणे योग्य ठरेल. मलाक्क्यातील कित्येक भाज्यांत व चटण्यांत ‘बलाचान’ हा वाळवलेल्या कोळंबीचा लगदा असतो. भाजी दिसली म्हणजे ती शाकाहारी असेलच असे नाही. नगराच्या भारतीय भागातील केळीच्या पानावर जेवण वाढणाऱ्या खानावळी व बौद्ध शाकाहारी उपाहारगृहे हा निर्धोक मार्ग. ‘गुला मेलाका’ हा माडाच्या रसापासून केलेला काळसर गूळ मात्र सर्वांनी चाखावा. कोकणातील माडाच्या गुळाशी त्याचे साम्य लगेच जाणवते.

पश्चिम तीर : राहिलेल्यांची घरे

दुसऱ्या दिवशी सात-सव्वासातला, दुकाने उघडण्यापूर्वी, पश्चिम तीरावरील लोहार गल्ली, सोनार गल्ली व देऊळ गल्ली यांतून चालावे. गल्ल्यांची मलय नावे (जालान तुकांग बसी, जालान तुकांग अमास, जालान तोकोंग) या अर्थाचीच आहेत. काही मिनिटांच्या अंतरात येथे तीन देवस्थाने लागतात. १७८१ मध्ये चिट्टी समाजाच्या प्रमुखाने दिलेल्या जागेवर श्री पोय्यात विनायगर मूर्ती हे गणपतीचे मंदिर उभे आहे; मलेशियातील सर्वांत जुन्या हिंदू मंदिरांत त्याची गणना होते. शेजारची कांपुंग क्लिंग मशीद १७४८ ची. दक्षिण भारतीय मुस्लिम व्यापाऱ्यांच्या या मशिदीला घुमट नाही. छप्पर जावा-सुमात्राच्या पद्धतीचे उतरत्या थरांचे असून मिनार एखाद्या पॅगोड्यासारखा आहे. पुढचे चेंग हून तेंग हे सतराव्या शतकातील चिनी देवालय क्वान यिन या देवतेचे. कान्हेरी-अजिंठ्याच्या अवलोकितेश्वराचेच हे चिनी स्त्रीरूप होय. या रस्त्याला पर्यटन खात्याने ‘सलोख्याचा रस्ता’ असे नाव दिले आहे. नाव गोड आहे, पण शेजार आधी आला आणि सलोखा त्यातून निपजला, हा क्रम विसरू नये. मंदिरात व मशिदीत अंगभर वस्त्रे असावीत. पूजा-नमाज चालू असताना छायाचित्रे घेऊ नयेत.

समांतर असलेल्या जालान तुन तान चेंग लॉक या रस्त्यावर बाबा-न्योन्या समाजाची घरे आहेत. स्थानिक चालीरीती व भाषा आत्मसात केलेल्या चिनी व्यापाऱ्यांचे हे वंशज. घरांची पुढील बाजू अरुंद व लांबी फार मोठी. मध्ये उजेड, वारा व पाऊस आत घेणारा उघडा चौक. एका घराण्याच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या घरात बाबा-न्योन्या संग्रहालय आहे. ते दहाच्या सुमारास पाहावे. त्याहूनही बोधप्रद आहे ते याच रस्त्यावरील आठ क्रमांकाचे डचकालीन साधे घर. बदान वारिसान मलेशिया या संस्थेने त्याचे जतन करताना भिंतीचे थर उघडे ठेवून कामाची पद्धत दाखविली आहे. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी असतील तर येथेच एक तास द्यावा.

रस्त्यावरील घरांपैकी किती घरांत कुटुंबे राहतात, याचे उत्तर चालता चालता मिळते. बहुतेक दारांवर निवासगृह, कॉफीगृह वा भेटवस्तूंचे दुकान अशा पाट्या आहेत. यामागे एक कायदा आहे. मलेशियातील भाडेनियंत्रण कायदा १९९७ च्या अधिनियमाने मोडीत निघाला आणि २००० पासून जुन्या भाडेकरूंना असलेले संरक्षण संपले. भाडी वाढली, कारागीर व रहिवासी बाहेर पडले. आठ वर्षांनी वारसायादीत नाव आले आणि उरलेल्या घरांची किंमत आणखी वाढली. वारसा जपण्यासाठी मिळालेल्या मानामुळे वारसा जगणाऱ्यांना तेथे राहणे अवघड व्हावे, ही विसंगती मलाक्क्यात उघड्यावर दिसते. प्रवासीही तिच्यातला एक घटक आहे. म्हणून मुक्कामासाठी रहिवासी घरमालक स्वतः चालवीत असलेले निवासगृह शोधणे, न्याहारी शेजारच्या जुन्या दुकानात करणे, या गोष्टी लहान असल्या तरी निरर्थक नाहीत.

दुपारी नदीतील नौकेचा पाऊण तासाचा फेरा घ्यावा; दोन्ही तीर एका नजरेत येण्यास तो उपयोगी पडतो. नगराच्या पूर्वेकडील बुकित चीना ही चिनी दफनटेकडी वेळ उरल्यास पाहावी. १९८४ मध्ये राज्यशासनाने ती सपाट करून तेथे बांधकाम करण्याचे ठरविले होते. लोकांच्या तीव्र विरोधामुळे तो बेत सोडावा लागला.

शेवटचा तास : गाजाह बरांग

निघण्यापूर्वीचा तास कांपुंग चिट्टी या वस्तीसाठी राखून ठेवावा. सुलतानकाळात आलेल्या तमिळ व्यापाऱ्यांनी स्थानिक स्त्रियांशी विवाह केले; त्यांचे वंशज म्हणजे चिट्टी. जुन्या नगरातून ते गाजाह बरांग या वायव्येकडील भागात येऊन राहिले. घरात मलय भाषेचा एक प्रकार, पेहराव मलय धाटणीचा, धर्म शैव हिंदू. पोंगलच्या आदल्या दिवशी हे लोक ‘पर्चू भोगी’ करतात. पूर्वजांसाठी केळीच्या पानांवर नैवेद्य मांडला जातो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी करणाऱ्या मराठी घरातील माणसाला हा शब्द ऐकताच ओळख पटेल. वस्तीतील मारिअम्मनचा उत्सव ‘दातुक चाचार’ या नावाने होतो. ‘चाचार’ म्हणजे देवीचा रोग. म्हणजे देवीच्या रोगाचे नाव देवीला देण्याची रीत येथेही आली आणि नाव मलय झाले.

वस्ती लहान आहे. घरे, मंदिरे, एक छोटे संग्रहालय आणि सभोवार वाढत जाणाऱ्या उंच इमारती. वस्तीलगत बहुमजली बांधकाम करण्याच्या प्रस्तावास रहिवाशांनी विरोध केला होता. मोठ्या गटाने येथे एकदम शिरू नये. दहा-बारांच्या तुकड्या कराव्यात, संग्रहालय उघडे असल्याची खात्री आधी करून घ्यावी आणि अंगणात कोणी बसले असेल तर छायाचित्रापूर्वी विचारावे. गाजाह बरांग हे जुन्या नगराच्या मध्यापासून मलाक्का सेंट्रल बसस्थानकाकडे जाणाऱ्या वाटेवर पडते. येथून टॅक्सीने काही मिनिटांत स्थानक गाठता येते. क्वालालंपूरकडे जाणाऱ्या संध्याकाळच्या बसचे तिकीट सकाळीच काढून ठेवलेले असावे.